वजा केलेला आवाज

४ सप्टेंबर, सोमवार

कोणालाच नको असलेलं काम आज माझ्या गळ्यात पडलं आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की रोजनिशी लिहायला बसलोय. शाळेत असताना लिहायचो, त्यानंतर एकदम आज.

झालं असं. विज्ञान शाखेच्या प्रत्येक विभागानं आपली 'सामावून घेण्याची संस्कृती' मोजून दाखवायची, असं उपकुलगुरूंचं परिपत्रक आलं. विभागात बाई असो, नवखा असो, कंत्राटी असो, त्याला मोकळेपणानं बोलता येतं की नाही, ते आकड्यांत मांडायचं. त्या आकड्यांवरून दोन नव्या कायम जागा वाटल्या जाणार आहेत. आमचे विभागप्रमुख योमसर बैठकीत म्हणाले, "कोण घेतंय हे?" सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचा समुद्र बघावासा वाटला. मी म्हटलं, "मी घेतो."

"वाटलंच मला. मेंग, तुला बोलायला काहीतरी निमित्त लागतंच," योमसर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

पण माझ्या मनात काय आहे ते इथे लिहून ठेवतो. प्यो उन-सो ही आमच्या विभागातली एकुलती एक बाई संशोधक. दर वर्षी करार, दर फेब्रुवारीत धाकधूक. नव्या नियमानं तिचा करार येत्या फेब्रुवारीनंतर वाढवता येणार नाही. कायम जागा मिळाली नाही तर ती गेलीच. बाई हुशार आहे, पण मूग गिळून बसते. अशा माणसासाठी दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं ना? मी बोलणार. भौतिकशास्त्राचा पहिला नंबर आणणार आणि ती जागा तिला मिळवून देणार.

६ सप्टेंबर, बुधवार

युक्ती सुचली! प्रश्नावल्या सगळेच विभाग भरून घेतील. मी भौतिकशास्त्राचा माणूस, मला मोजमाप हवं. बुधवारच्या चर्चासत्रात टेबलावर एक माईक ठेवायचा आणि कोण किती वेळ बोललं ते मोजायचं, बस्स. जिथे सगळ्यांच्या वाट्याला बोलणं सारखं येतं, तिथे सगळे सामावलेले.

माझी विद्यार्थिनी मा दा-इन आवाज ओळखणारा प्रोग्राम दोन दिवसांत लिहून देते म्हणाली. मुलगी तल्लख आहे. मी तिला म्हटलं, "फक्त माझा आवाज वजा कर."

"का, सर?"

"चर्चासत्र मी चालवतो. मी मोजणारा, म्हणजे उपकरणाचाच भाग. तेल मोजताना आधी डब्याचं वजन वजा करतात की नाही? उपकरणाचा गोंगाट पार्श्वभूमी म्हणून काढून टाकायचा, हे पहिल्या वर्षाला शिकवतो आपण."

"सगळा वजा करू?"

"सगळा."

तिनं 'सगळा' हा शब्द वहीत लिहून घेतला. मग मान लववून गेली. किती आज्ञाधारक!

१३ सप्टेंबर, बुधवार

पहिलं मोजमाप. आज प्योचंच व्याख्यान होतं. विषय तिचा नेहमीचा, हलवलेल्या दाण्यांचा. तांदूळ आणि अक्रोड एका डब्यात घालून हलवले की अक्रोड वर येतात. पहिल्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, "पण मोठे दाणे वर का येतात?" प्यो गप्पच झाली. छताकडे बघायला लागली. मला तिची दया आली. शांतता अशी लांबली की घशात काटा अडकल्यासारखं होतं मला. मी लगेच बाजू सावरली. म्हटलं, बारीक दाणे फटींतून खाली घसरतात, मोठ्यांना फट पुरत नाही, म्हणून ते वर राहतात. उदाहरणं दिली, एक विनोद केला, त्या ओघात माझ्या जर्मनीतल्या दिवसांबद्दलही थोडं सांगितलं. मुलं माना डोलवत होती.

नंतर प्यो माझ्या दाराशी आली. "सर, मघाचं ते उत्तर..."

"अहो, त्यात आभार कसले मानायचे!" मी म्हटलं. ती आली तशी परत गेली. संकोची स्वभाव, दुसरं काय.

२७ सप्टेंबर

विद्यापीठाची सक्तीची प्रश्नावली आज उरकली. ती वेगवेगळी भरायला दिली असती तर महिना लागला असता. योमसरांनी झकास तोड काढली. चूसोकच्या सणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना एका खोलीत बसवलं, विभागातर्फे नाशपात्या वाटल्या आणि फोनवर सगळ्यांकडून एकदम भरून घेतली. स्वतः रांगांमधून फिरत होते. "घाई नाही, अगदी मनापासून भरा," म्हणून एकेकाच्या खांद्यामागे थांबत होते. वर स्त्री की पुरुष, कायम की कंत्राटी, एवढंच टाकायचं. नाव नाही, गाव नाही. एकूण एक माणसानं भरली. सरासरी पाचापैकी चार पूर्णांक नऊ!

हे-रानला सांगितलं. माझी बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवते. सणाच्या सोंगप्यनसाठी तांदळाचं पीठ मळता मळता म्हणाली, "माझ्या वर्गाला असे मार्क पडले, तर मी आधी पेपर फुटला का ते बघते."

"तुझा स्वभावच संशयी."

"आणि तुमचा भोळा. हात धुवा आणि सारण भरा."

११ ऑक्टोबर, बुधवार

आजपर्यंतच्या मोजणीचे आकडे आले आणि मी खुर्चीतून उडालोच. प्राध्यापक, विद्यार्थी, कंत्राटी, बाया, बाप्ये, सगळ्यांचे वाटे जवळजवळ सारखे! कुणी कुणाला दाबत नाही. हे मला कायम वाटत आलं होतं, पण वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

आनंदाच्या भरात सगळ्या गटाला चिनी खानावळीत घेऊन गेलो. म्हटलं, "आज हात आखडायचा नाही. ज्याला जे हवं ते मागवा! मला आपल्या काळ्या रश्शाच्या शेवया." मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी काळ्या रश्शाच्या शेवयाच मागवल्या. दा-इनला तर दुकानात शिरताना मी झणझणीत कालवणाचा फोटो बघताना पाहिलं होतं, पण तिनंही आयत्या वेळी विचार बदलला. आमच्या विभागाचं मन एक आहे असं मी म्हणतो, ते उगाच नाही.

जेवताना प्यो म्हणाली, "सर, त्या परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर जागांबद्दल जे लिहिलंय..."

"जागा तुमचीच समजा!" मी म्हटलं, आणि पहिला नंबर आल्यावर काय काय करायचं ते तिला सविस्तर सांगितलं. तिच्या शेवया गार झाल्या. हल्ली तिची भूकच मेलीय बहुतेक, काळजीनं.

१ नोव्हेंबर

अहवाल पाठवला. मुखपृष्ठावर दा-इननं रंगीत वर्तुळाकृती काढून दिलीय, सगळ्या फाका सारख्या. संत्र्यासारखी दिसते. 

२० नोव्हेंबर, सोमवार

पहिला नंबर! साऱ्या विज्ञान शाखेत आम्ही पहिले! उपकुलगुरूंनी सभागृहात बोलावून पितळी सन्मानफलक दिला. योमसर फोटोत इतके हसले की डोळे दिसेनात. रसायनशास्त्र शेवटून पहिलं. त्यांच्या प्राध्यापकांनी चक्क लिहून दिलं होतं की आमच्याकडे कनिष्ठ माणसं बैठकीत तोंड उघडत नाहीत. मी मनात म्हटलं, काय हा वेडेपणा, आपलीच लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची!

मग जागा जाहीर झाल्या. पहिली जागा रसायनशास्त्राला. मी टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. दुसरी जागा तूर्त राखून ठेवली, कारण 'तितकी गरज असलेला दुसरा विभाग आढळला नाही.'

फलक योमसरांच्या मांडीवर होता. मी प्योकडे वळून बघितलं. ती शांतपणे कोटाची बटणं लावत होती.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी परिपत्रकाचं दुसरं पान वाचलं. पहिल्यांदाच. तिथे सरळ लिहिलंय: ज्या विभागात बदलाची गरज सर्वांत जास्त, त्याला जागा. आणि मी लहानपणापासून एकच शिकलेला माणूस, की जिथे गुण आहेत तिथे पहिला यायचं. कशासाठी, ते नंतर बघू!

प्योच्या खोलीत गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो, सर."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होते," ती म्हणाली. "परत परत सांगत होते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

दुपारभर मी नुसता बसून होतो. चार वाजता दा-इन आली. हातात लॅपटॉप. दार लावून घेतलं. "सर, रागावणार नसाल तर एक दाखवू का?"

"बोल."

"पार्श्वभूमी वजा करायची, पण ती आधी मोजून बघायची असते. तुम्हीच शिकवलंय. मी मोजली." मग तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सर, पार्श्वभूमी सिग्नलपेक्षा मोठी आहे."

पडद्यावर तीच वर्तुळाकृती होती, पण माझ्या आवाजासकट. दोन तृतीयांश एकच फाक, ती माझी.  उरलेल्या कपच्यांत योमसरांसकट बाकीचे सगळे, आणि कपच्या म्हणाल तर खरंच सारख्या. प्योची कपची शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

"हे मी आहे?"

"हो, सर."

"आणि तू हे कधीपासून..."

"पहिल्याच बुधवारपासून," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पण 'सगळा?' असं विचारलं होतं मी."

लाज वाटली, कान तापले. खोटं कशाला लिहू? पण त्याच क्षणी दुसरीही गोष्ट डोक्यात लख्ख पेटली आणि मी टेबलावर हात आपटला. दा-इन दचकली. "अगं, मग आपण भयंकर आहोत! आपण रसायनशास्त्रापेक्षाही वाईट आहोत! दा-इन, आपण शेवटचे आहोत!" आणि दुसरी जागा अजून राखलेली आहे!

आयुष्यात इतक्या वाईट आकड्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

योमसरांकडे गेलो. त्यांनी फलक खिडकीशी असा लावलाय की जिना चढणाऱ्याला आधी तोच दिसतो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, मेंग. फलक परत करायचा? माणसं काय म्हणतील?"

"आपण चुकीचं मोजलं, सर."

"चुकीचं मोजलंस तू. मान माझी खाली जाणार." मग जरा नरमले. "तुला तिच्याबद्दल वाटतं, मला वाटत नाही का? मीच नोकरीवर घेतलंय तिला. पण विभागाची अब्रू एका माणसापेक्षा मोठी असते."

मी हटून बसलो. शेवटी म्हणाले, "बैठकीत ठेव. बघू किती हात वर होतात." हे म्हणताना ते निर्धास्त होते, कारण आमच्याकडे आधी योमसरांचा हात वर जातो आणि मग वयाप्रमाणे बाकीचे.

भाषणाची तयारी सुरू केली आहे. असं बोलणार आहे की भिंतींना पाझर फुटेल!

६ डिसेंबर, बुधवार

हे शब्दशः उतरवून ठेवायला हवं.

बैठक. टेबलाभोवती आम्ही कायम प्राध्यापक, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर कंत्राटी लोक. ते बसतात, टिपणं घेतात, बोलत नाहीत. असा नियम कुठे लिहिलेला नाही. मी उभा राहिलो. "मित्रहो, आज मला डॉक्टर प्यो यांच्याविषयी बोलायचं आहे. त्या स्वतः बोलणार नाहीत, म्हणून..."

"मेंगसर, बसा."

मला वाटलं योमसर बोलले. पण आवाज भिंतीकडून आला होता.

"माझ्याबद्दलच बोलताय ना? मी इथेच बसलेय. मी बोलते," प्यो म्हणाली.

मी बसलो.   ती उभी राहिली, छताकडे बघितलं आणि मग बोलली.

"दया म्हणून मला जागा नको. जागा आली तर उघड जाहिरात द्या. माझ्यापेक्षा सरस कुणी आलं तर त्याला घ्या, मी आनंदानं सामान बांधीन. पण आकडा खरा पाठवा. खोट्या आकड्यावर मला घालवू नका. प्रश्नावलीत पाचपैकी पाच मीही दिलेत. वर टाकायचं होतं, 'स्त्री' आणि 'कंत्राटी'. या विभागात अशी मी एकटीच आहे. नाव लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि योमसर माझ्या खांद्यामागे उभे होते."

योमसर म्हणाले, "मी काही बघत नव्हतो हं."

"मलाही तसं वाटतंय, सर. पण तुम्ही उभे होता."

 योमसरांनी टेबलावर बोटं वाजवली. "ठीक आहे. हात वर करून..."

"चिठ्ठ्या टाकल्या तर?" ती म्हणाली. "मला मत नाही, पण सुचवायला हरकत नसावी."

इतक्या वर्षांत आमच्या विभागात चिठ्ठी कधी पडली नव्हती. सगळ्यांत तरुण प्राध्यापकानं लगेच आपली टोपी पुढे केली, इतक्या लगेच की योमसर बघतच राहिले. चिठ्ठ्या मोजल्या. खरा आकडा पाठवायचा आणि फलक परत करायचा, या बाजूनं दोन मतांचं आधिक्य!

बाहेर पडताना योमसरांनी माझा दंड धरला. "हे चिठ्ठ्यांचं तू पढवलंस तिला?"

"नाही, सर," मी म्हटलं. "मला सुचलंच नव्हतं." आणि खरंच, मी दीड पान भाषण लिहिलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं.

११ डिसेंबर

फलक परत करायला योमसर स्वतः गेले. मला नेलं नाही. परत आले ते जरा वेगळेच दिसले. उपकुलगुरू उठून उभे राहिले म्हणे. "मेंग, फलक देताना ते बसूनच होते, आठवतंय?" दिवसभर एवढंच सांगत होते.

दुसरी जागा आमच्याकडे आली! जाहिरात उघड, निवड जानेवारीत, सर्वांसमोर व्याख्यान देऊन. मी डॉ. प्योंना शिफारसपत्र देऊ केलं, तीन पानी. त्या म्हणाल्या, "नको, सर. व्याख्यानाला या. एवढंच."

१७ जानेवारी

आज!

राजधानी सोलहून आलेला दुसरा उमेदवारही चांगला होता, बोलायला तर फर्डा. मग डॉ. प्यो उभ्या राहिल्या. व्याख्यान झालं, प्रश्न सुरू झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकानं नेमकं विचारलं, "मोठे दाणे वर का येतात?"

त्या गप्प झाल्या. छताकडे बघायला लागल्या. माझ्या घशात काटा! उत्तर जिभेवर तयार. माझं तोंड उघडलंसुद्धा. पुढच्या रांगेतली दा-इन वळून माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं आणि हात मांड्यांखाली दाबून बसलो. शांतता वाढत चालली. परीक्षकानं पेन खाली ठेवलं. आणि तेव्हा, बसल्या बसल्या, माझ्या ध्यानात आलं की त्या अडलेल्या नाहीत. त्या विचार करताहेत. दर वेळी त्या विचारच करत होत्या!

मग त्या म्हणाल्या, "ते नेहमी वर येत नाहीत. बारीक दाणे फटींतून घसरतात म्हणून मोठे वर राहतात, असं पुष्कळदा सांगितलं जातं." सभागृहातल्या अर्ध्या माना माझ्याकडे वळल्या. "पण माझ्या प्रयोगात दाणे मधून वर चढतात आणि भिंतीच्या कडेनं, चिंचोळ्या वाटेनं, खाली उतरतात. मोठा दाणा वर पोचतो, पण त्या वाटेत मावत नाही, म्हणून वरच राहतो. आता भांड्याच्या भिंती बाहेर कलत्या केल्या, तर हा ओघ उलटा फिरतो. मोठा दाणा वर ठेवला तरी मधून खाली जातो. दाणे तेच ठेवायचे. फक्त भांडं बदलायचं."

परीक्षक पुढे सरकून बसले. एकामागून एक हात वर झाले. दा-इननंही विचारलं, आणि फार नेमकं विचारलं.

चिठ्ठ्यांनीच निवड झाली. डॉ. प्यो उन-सो, सहयोगी प्राध्यापक, कायम. योमसर सगळ्यांना जेवायला घेऊन निघाले होते. मी म्हटलं, "मला घरी जाऊ द्या, काम आहे," आणि पळत सुटलो.

ओट्यावर तांदळाचा डबा उपडा केला. गॅलरीतली मातीची कुंडी, वर रुंद आणि खाली निमुळती, धुऊन पुसून घेतली. भोकावर कागद लावला, तांदूळ भरला आणि वर अक्रोड ठेवला. हे-रान धावत आली. "अहो, हे काय मांडलंय? प्यो मॅडमचं काय झालं?"

"झाली निवड!"

"अगं बाई! मग सांगा की सगळं! कोण काय म्हणालं?"

"श्श. बोलू नकोस. बघ."

कुंडी ओट्यावर ठक ठक आपटत राहिलो. तांदूळ उडत होता, हे-रान पदराएवढ्या जुन्या टॉवेलानं तो गोळा करत होती. अक्रोड आधी कलला, मग गळ्यापर्यंत रुतला, मग नुसती टाळू दिसायला लागली. आणि मग नाहीसाच झाला.

हे-राननं वाकून कुंडीत बघितलं, मग माझ्याकडे. "मग इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना काय सांगत होता?"

"चूक!" मी आनंदानं ओरडलोच. "साफ चूक!"